गल्ल्यातल्या नाण्यातला दोष टकसाळीतला का नंतरचा, हे कसं ओळखायचं?

किराणा_दारव्हा

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात गावात किराणा दुकान हाय आपलं. बाजाराच्या दिवशी गल्ल्यात चिल्लर लय जमते अन् रात्री गल्ला मोजता मोजता जे नाणं वेगळं दिसलं ते मी बाजूला काढून डब्बीत टाकत जातो, अशी डब्बी आता भरत आली, पण त्यातलं खरं मिंट एरर कोणतं अन् कोणी ठोकलेलं, घासलेलं कोणतं हे काही समजून नाही रायलं. मोबाईलवर व्हिडिओ पाहावा तं जो तो म्हणते हे नाणं लाखाचं, ते पाच लाखाचं. त्याच्यावर आपला विश्वास नाही. मले विकायची घाई नाही, ओळखता आलं पाहिजे एवढंच.

सध्या यायच्याबद्दल सांगा. दोन रुपयाचं स्टीलचं हाय, रुपयाच्या चिन्हावालं, त्याच्या कडेला भाकरीचा घास तोडल्यागत गोल तुकडा कमी हाय. पाच रुपयाचं पिवळं हाय, सिंहाच्या बाजूनं त्याच्यावर ५ चा आकडा उलटा दबलेला दिसते, म्हणजे आरशात दिसते तसा. जुनं मोठं एक रुपयाचं, कणसावालं, त्याच्या सालातला शेवटचा आकडाच नाही. दहा रुपयाचं एक हाय त्याची मधातली पांढरी चकती थोडी एका अंगाला गेलेली अन् दुसऱ्या अंगाला बारीक फट. अन् अजून एक पाच रुपयाचं पूर्ण काळंनिळं झालेलं, ते तं मले वाटते वेगळ्या धातूचंच असन.

फोटो टाकले पण माझ्या मोबाईलचा कॅमेरा जवळून धड येत नाही, तेवढं समजून घ्या.

हिंगणघाट_नाणी

दादा, फोटो पुसट आहेत पण तुम्ही वर्णन चांगलं केलं त्यामुळे बोलता येते.

आधी नाणं कसं पडते ते डोक्यात बसवा, म्हणजे प्रत्येक नाण्यासाठी कोणाले विचारायची गरज राहणार नाही. धातूच्या लांब पट्टीतून पंचानं गोल चकत्या कापतात, त्या चकतीला ब्लँक म्हणतात, मग तिची कड दाबून थोडी उचलतात, आणि मग ती दोन डायच्या, म्हणजे चित्र कोरलेल्या ठशांच्या मधात जाते, बाजूनं एक कडं असते त्याले कॉलर म्हणतात. वरून जबरदस्त दाब बसला की धातू डायच्या खोलगट भागात सरकते आणि कॉलरमुळे बाहेर पसरत नाही. म्हणजे डायवर जे खोल ते नाण्यावर उंच. हे एकच वाक्य लक्षात ठेवा, अर्ध्याच्या वर नाण्यांचा निकाल इथंच लागते.

आता पाहा, डायला तडा गेला असन तर तो तडा म्हणजे खोल भेग, त्यात धातू घुसणार, म्हणून नाण्यावर उंच रेघ येणार. आणि नाण्यावर नंतर खिळ्यानं, चावीनं ओरखडा पडला तर ती रेघ खोल असणार आणि तिच्या दोन्ही काठाला सरकलेला धातू किंचित उभा राहिलेला असणार. नख आडवं फिरवलं की कळते, भिंगाखाली तर साफच दिसते. कुठंही खड्डा दिसला की मी पहिले त्याच्या बाजूचा धातू पाहतो. मार लागला असन तर तिथला धातू कुठंतरी गेलाच पाहिजे, तो बाजूला फुगलेला सापडते. टकसाळीतल्या दोषात असं फुगलेलं नसते, कारण छाप पडतानाच धातू तिथं तसा बसलेला असते.

तुमच्या दोन रुपयाबद्दल. अशा नाण्याले क्लिप म्हणतात. पट्टी पुढं सरकली नाही आणि पंच आधीच्या भोकावर थोडा चढला की ब्लँकचा गोल तुकडा आधीच गेलेला असते, मग त्या अपुऱ्या चकतीवर छाप पडते. खरं क्लिप असन तर तुटलेल्या भागाजवळची अक्षरं अचानक कापल्यासारखी नसतात, तिकडं जाता जाता ती पसरट, पुसट होतात, कारण तिथं धातूच कमी होता. दुसरं, त्या तुकड्याच्या बरोबर समोरची कड पाहा, ती बऱ्याचदा दबकी, अर्धवट उठलेली दिसते. प्रत्येक वेळी दिसन असं नाही पण दिसली तर फार भरवशाची खूण आहे. कानशीनं घासणाऱ्याच्या हे ध्यानातच येत नाही, तो समोरच्या कडेला हात लावत नाही. घासलेल्या नाण्यात अक्षर अर्ध्यात कापलेलं आणि कापल्या जागी कानशीच्या समांतर रेघा दिसतात.

उलट्या ५ चं ऐकून खूश नका होऊ. खऱ्या प्रकाराले ब्रॉकेज म्हणतात, बाजारात लखी. आधीचं नाणं डायलाच चिकटून राहते आणि पुढच्या ब्लँकवर त्याचा छाप पडते, म्हणून एका बाजूनं नेहमीचं चित्र आणि दुसऱ्या बाजूनं तेच चित्र उलटं आणि खोल. पण तिथं मूळ चित्र नसते, कारण त्या बाजूले डाय पोचलाच नाही. तुमच्या नाण्यावर सिंह पण आहे आणि त्याच्यावर उलटा ५ पण आहे. शिवाय एका बाजूनं सिंह आणि दुसऱ्या बाजूनं ५, म्हणजे दोन्ही डायनं आपापलं काम बरोबर केलं, मग हा तिसरा छाप बहुतेक नंतरचाच.

मोर्शी_संत्रा

सालाचा आकडा नाही म्हणजे तं सरळ मिंटचं एरर झालं ना भाऊ, आकडा काय आपोआप उडून जाते का. आमच्याकडं एक जण म्हणे अशा नाण्याचे हजारो भेटतात.

हिंगणघाट_नाणी

आकडा तीन कारणांनी जाऊ शकते. वापरून झिजला, कोणी घासून काढला, नाहीतर डायमध्ये त्या जागी ग्रीस-कचरा भरला आणि धातू तिथं गेलाच नाही. तिसरं कारण असन तरच ते टकसाळीचं, आणि ते सुद्धा काही दुर्मिळ नाही, भरपूर सापडते, त्याले हजारो कोणी देत नाही. कणसावालं एक रुपयाचं १९९२ पासूनचं स्टीलचं नाणं आहे, २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम. स्टील कडक असल्यानं हळूहळू झिजते आणि झिजलं तर सगळीकडून झिजते. म्हणून बाकीचे तीन आकडे आणि कणसाचे दाणे पाहा. ते टोकदार आहेत आणि फक्त शेवटचाच आकडा नाही, तिथली जागा आजूबाजूच्या सपाट भागासारखीच गुळगुळीत आहे, एखाद्या वेळी आकड्याची फिकट सावली पण दिसते, तर ग्रीस. तिथं बारीक रेघांचा चट्टा असन, किंवा ती जागा बाकीपेक्षा जास्त चमकत असन, थोडी खोलगट असन, तर कोणाच्या तरी हाताचं काम. उजेडात नाणं हळूहळू फिरवा, चकाकी जिथं एकदम तुटते तिथं हात फिरलेला असते.

लेथवाला_मूर्तिजापूर

मी नाणी जमवत नाही पण लेथ अन् वेल्डिंगचं वर्कशॉप हाय आपलं, तं दुसऱ्या अंगानं सांगतो, ह्या गोष्टी बनतात कशा ते.

तो उलटा ५ वाला प्रकार बेंच व्हाइसमधी, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात होते. दोन नाणी एकमेकावर ठेवा, व्हाइसमधी आवळा, वरून हातोडी मारा, खालच्यावर वरच्याचा उलटा छाप आलाच समजा. पिवळं पाच रुपयाचं निकेल-पितळ असते, ते स्टीलपेक्षा नरम, त्याच्यावर लवकर उठते. आता त्याची ओळख काय तं तुमच्या नाण्यावर उलट्या ५ च्या खाली सिंहाची आयाळ, पाय जिथं जिथं दबले असतीन तिथं सपाट चकचकीत झाले असतीन. अन् नाणं पालथं करून मागची बाजू बी पाहा, व्हाइसचा जबडा तिकडून बी दाबते, तं तिकडची उंच अक्षरं चपटी झाली असतीन, एखाद्या वेळी जबड्याचे दाते बी उमटतात. टकसाळीत दोन्हीकडून डाय असते, तिथं मागची बाजू चपटी व्हायचा सवालच येत नाही.

अन् रेल्वेच्या रुळावर ठेवलेली नाणी तं आमच्याकडं लय येतात, पोरं ठेवतात, ठेवू नये, जीव जाईन एखाद्याचा. ते नाणं पसरून पातळ होते अन् लोक म्हणतात कॉलर नव्हती म्हणून पसरलं. कॉलर नसताना छापलेलं नाणं बी असते हो, मोठं अन् पसरट, पण त्याच्यावरचं चित्र नेहमीच्याच मापाचं अन् खणखणीत असते, फक्त कडेचा भाग बाहेर वाढलेला. रुळावरच्या नाण्याचं चित्रच ताणल्या जाते, भारतचा भा लांबोडका अन् सिंह आडवा. एवढा फरक डोळ्यानं बी दिसते.

गॅसनं तापवलेलं, होळीत पडलेलं स्टीलचं नाणं पिवळसर, मग तांबूस, मग निळं होते, तो रंग तापल्याचा हाय, धातू दुसरा नाही. चुंबक लावा. स्टीलचं एक रुपया, दोन रुपया चुंबकाले चिकटते, वरून तांब्याचा मुलामा दिला असला तरी चिकटते. अन् उंबऱ्याले ठोकलेली नाणी बी लोक काढून आणतात, घर पाडलं की, त्याले एका बाजूनं खिळ्याची जागा अन् दुसऱ्या बाजूनं पायानं घासलेलं गुळगुळीत. ते एरर म्हणून विकणारे मी पाहिले हायेत.

दहा रुपयाचं मले फोटोवरून सांगता येत नाही. त्याची कड अन् फटीचा भाग जवळून दाखवा.

किराणा_दारव्हा

भाऊ तुम्ही दोघांनी इतकं सविस्तर सांगितलं, लय बरं वाटलं. आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तं पोराच्या शाळेचं भिंग घेऊन बसलो.

पाच रुपयाच्या मागच्या बाजूले कमळाची पानं खरंच चपटी झाली हायेत, वर आडव्या रेघा बी हायेत, जबड्याच्याच असतीन. म्हणजे ते गेलं. दोन रुपयाच्या तुटलेल्या जागेजवळ इंग्रजीतल्या इंडियाचं शेवटचं अक्षर हाय, ते कापलेलं नाही, खाली येता येता पसरून फिकं झालं, अन् बरोबर समोर भारतच्या बाहेरची कड दबकी हाय, बाकी कड चांगली उठलेली. सोनाराकडं वजन केलं तं ४.६१ आलं. कणसावाल्यात जिथं आकडा पाहिजे तिथं बारीक रेघा दिसल्या, एकाच दिशेनं जाणाऱ्या.

काळंनिळं जे हाय ते चुंबकाले चिकटत नाही, वजन बरोबर ६ ग्रॅम. मग ते काय असन?

हिंगणघाट_नाणी

रेघा एकाच दिशेनं म्हणजे कणसावालं घासलेलं, गल्ल्यात परत टाका. दोन रुपया खरं क्लिप आहे माझ्या मते. २०११ पासूनच्या त्या नाण्याचं ठरलेलं वजन ४.८५ ग्रॅम, तुकडा गेला तेवढं वजन कमी भरलं, अक्षर पसरलं, समोरची कड दबकी, तिन्ही गोष्टी एकमेकीशी जुळतात. एकट्या वजनावर कधी निकाल देऊ नका, घासलेल्याचं पण वजन कमीच भरते. वजन कामात येते ते दुसऱ्या ठिकाणी, जसं दोन रुपयाचा छाप चुकून एक रुपयाच्या ब्लँकवर पडला तर वजन ३.७९ भरणार. आणि छाप एका बाजूले सरकलेलं, ज्याले ऑफ सेंटर म्हणतात, त्याचं वजन पूर्ण भरते, कारण धातू तेवढाच, फक्त ब्लँक जागेवर बसली नव्हती.

गोंदिया_ताई

मला वाटतं ते काळंनिळं पाच रुपयांचं नाणं शेतातून किंवा खताच्या पोत्यांजवळून आलेलं असावं. त्या पिवळ्या नाण्यात तांबं भरपूर असतं, आणि युरिया-अमोनियाची खतं, त्यात पावसाळ्यातली ओल, यांनी तांब्या-पितळेच्या वस्तू अशाच काळ्यानिळ्या पडतात. ६ ग्रॅम बरोबर भरलं आणि चुंबकाला चिकटत नाही म्हणजे धातू तोच आहे, वरचा थर फक्त बदललाय. दादा, ते चिंचेनं नाहीतर लिंबानं घासून पाहू नका, आणि डब्बीतलं दुसरं कोणतंही नाणं घासू नका. मी शाळेत मुलांना नाणी दाखवते तेव्हा पहिला नियम हाच सांगते, कारण पृष्ठभाग घासला की डायच्या बारीक खुणा जातात आणि मग खरं एरर असलं तरी ते सिद्ध करता येत नाही. तुमच्या दोन रुपयाला कागदाच्या छोट्या पाकिटात वेगळं ठेवा, डब्बीत बाकीच्या नाण्यांवर आपटून त्याच्यावर नवे मार बसतील. मऊ प्लास्टिकच्या पिशवीत पण नको, काही प्लास्टिक वर्षभरात हिरवट चिकटा सोडतं.

एक सोपी तपासणी कोणी सांगितली नाही म्हणून सांगते. नाणं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत वरून-खालून धरा, सिंह सरळ उभा ठेवा आणि उभ्या अक्षावर दार उघडल्यासारखं फिरवा. आपल्या नाण्यांत मागची बाजू पण सरळच आली पाहिजे. ती तिरपी किंवा उलटी आली तर एक डाय मशीनमध्ये फिरलेला होता. हे एरर घरी कोणालाच करता येत नाही, नाणं मधून कापून पुन्हा जोडल्याशिवाय, आणि तसा जोड कडेला दिसतो. थोडंसं तिरपं बऱ्याच नाण्यांत असतं, त्याचं काही नाही, चांगलं नजरेत भरण्याइतकं फिरलेलं शोधा. गल्ला मोजताना सगळ्यात लवकर सापडणारं एरर हेच आहे, तुमच्याकडे एवढी चिल्लर येते तर हे नक्की करा.

आणि वेगळं दिसतं ते सगळं एरर नसतं. सालाखाली चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. ठिपका पाहून कितीतरी लोक विचारतात की हा डायचा दोष आहे का. तसंच दहा रुपयांचं. रिझर्व्ह बँकेनं २०१८ च्या जानेवारीत सांगितलं होतं की दहाच्या नाण्याच्या १४ डिझाइन चलनात आहेत आणि सगळ्या चालतात, रुपयाचं चिन्ह असलेली आणि नसलेली दोन्ही. आमच्याकडच्या बाजारात अजूनही भाजीवाल्या बायकांना लोक सांगतात की चिन्ह नसलेलं खोटं आहे, आणि त्या बिचाऱ्या घेत नाहीत. याचा मला फार राग येतो, कारण नुकसान रोज दोनशे-तीनशेचा धंदा करणाऱ्या बाईचं होतं.

मोर्शीचे दादा, हजारो मिळतात म्हणणाऱ्यांपासून जपून राहा. रिझर्व्ह बँकेच्या नावानं जुनी नाणी विकत घेतो म्हणून आधी फी नाहीतर कर भरायला लावणारे लोक आहेत, बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर सांगितलं की असा कोणताही व्यवहार ती करत नाही आणि कोणाला तसे अधिकारही दिलेले नाहीत. जो नाणं घ्यायच्या आधी तुमच्याकडून पैसे मागतो त्याला फोनवर ओटीपी तर सोडाच, नाव पण सांगू नका.

मोर्शी_संत्रा

ताई बरं झालं सांगितलं. आमच्या गावातल्या एका पोराले असाच फोन आला होता, नोंदणीचे पैसे पाठव म्हणे, त्याले आजच सांगतो. अजून एक विचारतो, माझ्याकडं एक रुपयाचं नाणं हाय त्याच्यावर भारतची अक्षरं डबल दिसतात. ते?

हिंगणघाट_नाणी

डबल दिसण्यात दोन प्रकार. दुसरं अक्षर सपाट पायरीसारखं असन, आणि मूळ अक्षर त्यामुळे बारीक झालेलं असन, तर छाप पडल्यावर डाय थोडा हलला आणि अक्षराची कड खरवडली. हे लय सापडते, त्याले जास्तीचा भाव नाही. दोन्ही अक्षरं गोलाईदार, पूर्ण उंचीची, आणि जिथं एकमेकावर चढतात तिथं टोकाले खाच दिसत असन तर डायच डबल कोरल्या गेला होता, ते ठेवण्यासारखं. भिंगातून फोटो काढून टाका, मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर भिंग धरलं तरी जमते.

किराणा_दारव्हा

ताई, खताचं एकदम बरोबर, दुकानात मागच्या खोलीत युरियाचे पोते असतात अन् गल्ल्यातली जास्तीची चिल्लर तिथंच थैलीत राहाते. थैली आजच हलवली.

दहा रुपयाचे फोटो टाकतो, भिंगातून काढले. फट उजव्या अंगाले हाय. दुसरं म्हणजे बाहेरच्या कड्यावर भारत अन् इंडिया जसे पाहिजे तसे डाव्या-उजव्या हाताले हायेत पण सिंह मधात जरासा तिरपा उभा हाय.

लेथवाला_मूर्तिजापूर

आता दिसलं. दादा हे खोललेलं हाय.

कसं ते सांगतो. दहा रुपयाचं कडं अन् मधातली चकती टकसाळीत वेगवेगळी बनतात पण ती एकमेकात बसतात ते छाप पडतानाच, एकाच दाबात. म्हणजे चकती सरकलेली असली तरी छाप दोघांवर एकदमच पडते. डाय तं एकच हाय ना. त्याच्यामुळं खऱ्या सरकलेल्या नाण्यात धातूची सीमा वाकडी असन पण चित्र अन् अक्षरं आपापल्या जागी सरळच राहतीन, सीमेवरून जाणारी रेघ इकडून तिकडं न तुटता जाईन. तुमच्या नाण्यात कडं सरळ अन् सिंह तिरपा. एकाच डायनं हे दोन्ही केलं असं होऊच शकत नाही. चकती कोणीतरी ठोकून बाहेर काढली अन् परत बसवताना फिरली.

फोटोत फटीच्या खालच्या अंगाले पहा, कड्याच्या आतल्या काठावर धातूची बारीक कोर उठलेली दिसते, अन् चकतीवर सत्यमेव जयतेच्या बाजूले एक गोल दाब हाय. तिथं पंच ठेवून मारला. असे पंच आमच्या वर्कशॉपात बेअरिंग काढायले वापरतो, तसाच दाब पडते.

हे काही पोरांचा खेळ म्हणून करतात अन् काही विकायले करतात. विकायले करणाऱ्यांना सांगा का २०११ च्या नाणे कायद्यात नाणं तोडणं, वितळवणं गुन्हा हाय. तुमचं नाणं आता ढिलं झालं असन, अंगठ्यानं मधात हलकं दाबून पाहा, चकती हलली तं गिऱ्हाईकाले देऊ नका, बँकेत जमा करून टाका. दोन रुपयावालं मात्र मले प्रत्यक्ष पाहायचं हाय, कधी मूर्तिजापूरकडं आले तं घेऊन या.